पुष्पावतीबाईंच्या समुद्राचा पलीकडचा काठ

यंदा जानेवारीत मिरजगावच्या बाजारात एक बातमी फिरत होती. आमच्या वस्तीवरच्या पुष्पावतीबाई मोबाईलवर जमिनीखालचं पाणी बघतात. तळहातावर नारळ ठेवून रानातून हिंडणाऱ्या पाणाड्यांचा जमाना गेला, बाईंनी थेट सरकारकडून ॲप आणलंय, मोबाईल जमिनीसमोर धरला की पाणी निळंशार दिसतं, आणि कुठल्या कोपऱ्यात बोअर घ्यायचा तेही कळतं.

बातमी साफ खोटी होती. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती माझ्यापासूनच निघाली होती. तसं मी खोटं काही बोललो नव्हतो. सलूनमध्ये दाढी करता करता एवढंच म्हणालो की, "बाई रोज सकाळी अंगणात मोबाईल घेऊन गोल गोल फिरतात, आणि मधेच ओरडतात, आलं, आलं, पाणी आलं!" यातला शब्द न शब्द खरा. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी एकच भिंत आहे, आणि माझी मान जरा लांब आहे. पुढचं सगळं सलूनवाल्यानं केलं.

तिसऱ्याच दिवशी रखमाजी नारळ घेऊन बाईंच्या दारात. पलीकडच्या मळ्यातला हा माणूस, तीन बोअर कोरडे गेलेले.

"बाई, येवढा येक पॉइंट दाखवा. लई उपकार हुतील."

बाईंनी त्याला बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "रखमाजी, अहो हा समुद्र आहे. पोरांना शिकवायला बनवलाय."

"असू द्या की. किती फुटावर लागंल?"

"तो इथं नाहीच मुळी. तो मोबाईलमध्ये आहे."

बाईंनी मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यात बाईंचंच अंगण दिसत होतं, तुळस होती, रखमाजीच्या चपला होत्या, आणि चपलांवरून एक कासव आरामात पोहत चाललं होतं. सगळीकडे गुडघाभर निळं पाणी. रखमाजीनं काय केलं असेल? एका हातानं मोबाईल धरला आणि दुसऱ्या हातानं धोतर वर उचललं. मी भिंतीवरून हसलो तेव्हा कुठं खाली बघितलं, कोरडं अंगण पाहिलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान आखडती घेतली. नारळ मात्र परत नेला नाही. तो आम्ही तिघांनी फोडून खाल्ला.

तर ही झाली बाईंची ओळख. आता जरा रीतसर सांगतो.

पुष्पावतीबाई आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका. चार वर्ग, दोन शिक्षक, एक चिंचेचं झाड. जन्मतारीख एक जून, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेली. आमच्याकडे अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. त्यामुळे निवृत्ती एकतीस मे, पण मे महिन्यात शाळाच नसते, म्हणून पोरांपुढे उभं राहायचा शेवटचा दिवस एप्रिलअखेर. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, नऊ वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. कोरोनाच्या वेळी शाळा बंद पडली तेव्हा बाईंनी मोबाईलवर शिकवायला सुरुवात केली, मग जिल्ह्याच्या तंत्रस्नेही शिक्षकांच्या शिबिराला गेल्या, आणि तिथून परतल्या त्या बिघडूनच. पुण्याच्या भाचीचा जुना लॅपटॉप आला. खेळ बनवायचं सॉफ्टवेअर आलं. आमच्या घरात मालिका चालू असायची तेव्हा भिंतीपलीकडून एक हिंदी बोलणारा पोरगा बाईंना कोडिंग शिकवायचा आणि बाई त्याला मधेच थांबवून म्हणायच्या, "परत सांग." तो बिचारा यूट्यूबवरचा, त्याला काय ऐकू येणार. पण बाईंची सवय.

या प्रकाराला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून अंगण अंगणासारखंच दिसतं, पण त्यात नसलेला मासा पोहतो. तुम्ही पुढे गेलात तर मासा जवळ येतो, वाकलात तर त्याचं पोट दिसतं. बाईंना त्यात अख्खा समुद्र बसवायचा होता. वरचा उजेडातला, मधला अंधुक, खालचा काळाकुट्ट. कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या आसऱ्यानं राहतं, खारफुटीच्या मुळांत कुणाची पिल्लं वाढतात, सगळं.

आणि हा समुद्र त्यांनी कशापासून बनवला माहीत आहे? आमच्या वस्तीपासून. प्रवाळ हवं होतं, तर बाजारातून फ्लॉवरचा गड्डा आणला, पाटावर ठेवला, चहू बाजूंनी त्याचे फोटो काढले आणि सॉफ्टवेअरकडून त्याचं प्रवाळ करून घेतलं. गुलाबी रंग दिला की ओळखू येत नाही. मग त्या गड्ड्याची भाजी करून आम्हालाही वाटीभर दिली. मालन, म्हणजे आमची मंडळी, खाताना म्हणाली, "समुद्रातलं हाय, जपून चावा." काटेरी समुद्री जीव कांद्याच्या बियाण्याच्या फुलापासून केला. आणि देवमाशाची कातडी? ती आमच्या म्हशीची. एका रविवारी बाई आमच्या गोठ्यात येऊन म्हशीचे दीडशे फोटो काढून गेल्या. म्हैस दोन दिवस नीट दूध देईना. मी नुकसानभरपाई मागितली तर बाई म्हणाल्या, "तिचं नाव ॲपमध्ये टाकते." टाकलंही. शेवटच्या पानावर आभार आहेत, त्यात शिबिराच्या साहेबांच्या खाली आमची चंद्री आहे. माझं नाव नाही.

खोलीचं माप मीटरमध्ये नव्हतं. आमच्याकडे विहीर परसात मोजतात. एक परस म्हणजे एक माणूसभर उंची. पोरांना मीटर पाठ असतो आणि परस माहीत असतो. म्हणून देवमाशाबरोबर खाली जाताना पडद्यावर आकडे यायचे, दहा परस, तीस परस, आणि सव्वाशे परसाला उजेड संपायचा. वस्तीवरची सगळ्यात खोल विहीर अकरा परस आहे.

केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या अकरा शाळांवरचे साहेब, अठ्ठावीस एप्रिलला हे बघायला येणार होते. पसंत पडलं तर अकरा शाळांच्या टॅबमध्ये ते टाकणार होते. नाही पडलं, तर दोन दिवसांनी बाईंची शाळा संपणार, टॅब कपाटात जाणार, आणि पाच वर्षांचा समुद्र लॅपटॉपमध्ये पडून राहणार. बाई हे बोलून दाखवायच्या नाहीत. पण मार्चपासून त्यांच्या तुळशीला पाणी मालन घालत होती, त्यावरून समजा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाईंनी हाक मारली. "कानिफभाऊ, या. मोठ्यांत पूर्ण समुद्र पहिल्यांदा तुम्हालाच दाखवते. चुका काढायची तुम्हाला हौस आहे ना, काढा."

मी गेलो. टॅब हातात घेतला. खरं सांगतो, बघतच राहिलो. पायाशी फ्लॉवरचं जंगल, त्यातून नारंगी मासे, डोक्यावरून आमची चंद्री शांतपणे पोहत गेली. मी हळूहळू मागं वळलो, माझ्याच घराच्या दिशेनं, आणि थांबलो. पार पलीकडे पाणी संपलं होतं. तिथं मातीचा चढ होता, चढावर वेड्या बाभळी होत्या आणि दोन बगळे बसले होते.

आता मी लिंबाच्या गाडीचा माणूस. बावीस वर्षं वाशीच्या मार्केटला लिंबं घेऊन जातो. समुद्र मी पाहिलेला आहे, दोनदा. आणि तोंडाला माझ्या झाकण नाही. मी जोरात हसलो आणि म्हणालो, "अहो बाई, हे तर सीना धरण! समुद्राला पलीकडचा काठ नसतो!"

"असतो," बाई म्हणाल्या. "कुठंतरी असतोच."

"असतो, पण आफ्रिकेत. इथून बाभळी दिसतील होय? तुम्ही समुद्र बघितलाय की नाही?"

मी थट्टेनंच विचारलं होतं. बाईंनी टॅब माझ्या हातातून घेतला, बंद केला, आणि पदरानं त्याची काच पुसत बसल्या. पुसून झाली तरी पुसत होत्या.

मग कळलं. बाईंनी समुद्र बघितलाच नव्हता. चौतीस वर्षं पुस्तकातून, चित्रातून शिकवला. जाणार होत्या, तीनदा. लग्नानंतर पहिल्या वर्षी दोघांचं ठरलं होतं, तर जनगणनेचं काम लागलं. पुढे एकदा ऐन दिवाळीच्या सुट्टीत पिशव्या भरून तयार, तर निवडणुकीची ड्युटी आली. तिसऱ्यांदा नवऱ्याची साखर वाढली आणि मग तो विषयच राहिला. शाळेची सहल दर वर्षी शिर्डीला. एवढं मोठं पाणी म्हणून त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं एकच, सीना धरण. त्याला काठ होता, बाभळी होत्या, बगळे होते. हातानं बनवायची वेळ आली तेव्हा बाईंनी पाण्याला काठ दिला. त्यांच्या मनात दुसरा विचार आलाच नसणार. आणि गंमत म्हणजे आठवडाभर वर्गातल्या पोरांनी तो समुद्र वापरला होता, एकालाही त्यात काही खटकलं नव्हतं.

संध्याकाळी बाई मालनला म्हणाल्या, "मी साहेबांना नको म्हणून कळवते. न बघितलेली गोष्ट मी कशाच्या तोंडानं दाखवू? बाभळी पुसायला दोन मिनिटं लागतील. पण अजून काय काय चुकलंय ते मला कसं कळणार?"

मालननं घरी येऊन माझं ताट वाढलं. वाढलं म्हणजे आदळलं.

"गुरुवारी गाडी वाशीला चाललीय न्हवं?"

"हो."

"बाईंना नेऊ. लिंबं उतरवायची, आन् म्होरं समुद्रावर जायाचं. मी बी येनार."

"तुझं काय काम?"

"मी बी न्हाई बघितला," मालन म्हणाली, आणि आत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी मार्केटात गाडी रिकामी केली आणि आम्ही उरणच्या बाजूला निघालो. पुढच्या सीटवर तिघं. मधे मालन, खिडकीशी बाई, मांडीवर टॅबची पिशवी. बाई परीक्षेला निघालेल्या पोरीसारख्या ताठ बसल्या होत्या. नारळाच्या बागा लागल्या, वारा बदलला, मासळीचा वास आला, मालननं नाकाला पदर लावला. मी गाडी उभी केली आणि मोठ्या ऐटीत हात लांब करून म्हणालो, "हा घ्या समुद्र!"

समुद्र नव्हता.

समोर नुसता चिखल. लांबच्या लांब काळपट ओला चिखल, मधे खडक, कलंडलेली होडी, आणि पार टोकाला एक चकाकती रेघ. आम्ही तिघं उभे. मालननं माझ्याकडे बघितलं, मग चिखलाकडे, आणि हळूच म्हणाली, "हितं बी आटलं व्हय?"

मला हसावं की रडावं कळेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला काही दाखवायला आणलं होतं. तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"ओहोटी!" त्या म्हणाल्या. "कानिफभाऊ, ही ओहोटी आहे! ही मी शिकवते! दर वर्षी शिकवते! हे पाणी परत येणार!"

"कधी?"

"दुपारपर्यंत. येणारच. पुस्तकात आहे."

आणि मग आम्ही बसलो. केवड्याच्या झुडपाच्या सावलीत सतरंजी टाकून भाकरी, ठेचा आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. बाई एका जागी बसेनात. चिखलातल्या छोट्या खेकड्यांमागे वाकून वाकून हिंडल्या. खडकांतल्या डबक्यात चिकटलेलं एक फुलासारखं काही सापडलं, बोट लावलं की मिटणारं. त्याला त्यांनी पाच-सहा वेळा मिटवलं आणि दर वेळी "सॉरी" म्हणाल्या. टॅब काढून आपला समुद्र वाळूवर मांडला. तो लगेच मांडला गेला, आणि त्यातल्या बाभळी नेमक्या त्या चकाकत्या रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी टॅब मालनला दाखवला. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून हसल्या, इतक्या की जाळं विणत बसलेला एक म्हातारा उठून बघायला आला.

पाणी आलं. आधी कळलंच नाही. मघाशी खेकडे होते तिथं ओल चकाकली, मग डबकं खडकाबाहेर सांडलं, मग होडी सरळ झाली. मग एकदम सगळीकडेच आलं, पांढऱ्या कडा घेऊन. बाई चपला काढून पुढे गेल्या. पाणी पावलांवर आलं, मागं गेलं, पायाखालची वाळू घेऊन गेलं, तशी बाईंनी मालनचा दंड पकडला. दोघी अशा दंड धरून उभ्या. पलीकडे बघत. पलीकडे काही नव्हतं.

मग बाईंनी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं, आमटीचं मीठ बघतात ना तसं. जरा थांबल्या. मान हलवली.

"खारटच आहे," म्हणाल्या. जणू इतकी वर्षं मनात कुठंतरी शंका होती.

त्यांनी पाण्यावर टॅब धरून बघितला. पण हलत्या पाण्यावर ॲपला जागाच सापडेना. पडद्यावर नुसतं येत राहिलं, सपाट जागा शोधत आहे, सपाट जागा शोधत आहे. बाईंनी तो पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे. इथं त्याचं काय काम?" त्यानंतर तासभर त्या काहीही न करता उभ्या होत्या. मला गाडी परत न्यायची घाई होती. हॉर्न वाजवायला गेलो, तर मालननं लांबूनच असा हात केला की मी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर ठेवले.

परत आल्यावर दहा दिवस भिंतीपलीकडे तो हिंदी पोरगा पुन्हा बोलायला लागला आणि बाई त्याला पुन्हा दरडावायला लागल्या.

अठ्ठावीस तारखेला साहेब आले. शाळेच्या मैदानात चार टॅब, वीस पोरं, एका टॅबला पाच डोकी. मी कुंपणाबाहेर उभा होतो, रखमाजीही होता. धोतर सावरून, काय सांगावं. सुरुवात झाली. मासे आले, कासव आलं, चंद्री आली तेव्हा पोरांनी एकदम "चंद्रीऽऽ" म्हणून हाक मारली. साहेब चमकले. चौथीतली संस्कृती मात्र माशांकडे बघेना. टॅब पुढे धरून ती सरळ चालत सुटली, चिंचेखालून, नळापाशी, थेट फाटकापर्यंत. तिच्यामागे टॅबला चिकटलेली चार जणं.

"बाई!" ती फाटकातून ओरडली. "काठ कुठं गेला? मागं हुता की!"

"तू शोध."

"न्हाई सापडत! लांब लांब पानीच हाय!"

"मग लिहून ठेव," बाई म्हणाल्या, "पलीकडचा काठ दिसत नाही."

तेवढ्यात पाणी हलायला लागलं. पोरांच्या पायांवरून सरकत मागं निघालं. मैदान उघडं पडलं, चिखलाचा रंग आला, खेकडे पळाले. हे नवीन होतं, पोरांनी पाहिलेलं नव्हतं. पोरं जागच्या जागी उभी राहिली. आमच्या पोरांनी पाणी जाताना बघितलेलं आहे. तळं जातं, विहीर जाते, नळ जातो, आणि मग टँकरची वाट बघायची, हे त्यांना सांगावं लागत नाही.

"बाई, आटला," एक जण म्हणाला.

बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, ॲप बिघडलं. एवढ्यात संस्कृती फाटकापाशी किंचाळली, "बाई! आला! परत आला!" आणि चारी टॅबमधून पाणी पांढऱ्या कडा घेऊन मैदानात शिरलं. पोरं उड्या मारत मागं पळाली, पाय भिजू नयेत म्हणून. कोरड्या ठणठणीत मैदानात वीस पोरं पाय उचलून पळत होती. माझ्या शेजारी रखमाजी म्हणाला, "मला हसत हुतास न्हवं?" मीही एक पाऊल मागं सरकलो होतो.

साहेबांनी सगळं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा टॅब मागितला तेव्हा पोरं म्हणाली, आता आमची पाळी. अकरा शाळांत ॲप टाकायचं त्यांनी तिथंच फोनवर सांगून टाकलं. जाताना एवढंच विचारलं, "बाई, समुद्राची इतकी बारीक माहिती? माहेर कोकणातलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या, "माझं माहेर जामखेडचं. पण बघून आलेय मी."

तीस एप्रिलला निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. पोरांनी रडून घेतलं. शेजारी म्हणून मला माईक दिला, आणि माईक मिळाला की माझं जे होतं ते झालं. म्हटलं, "मंडळी, आज एक गुपित फोडतो. या बाईंनी चौतीस वर्षं तुमच्या पोरांना समुद्र शिकवला, आणि स्वतः तो बघितला दोन आठवड्यांपूर्वी, माझ्या लिंबाच्या गाडीतून जाऊन. आता बोला!"

लोक हसले. बाईही हसल्या. मालन पहिल्या रांगेत बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाल्या, "खरं आहे. पण कानिफभाऊ, तुम्ही बावीस वर्षं समुद्राच्या दारापर्यंत जाऊन आलात. घरी येऊन मालनला काय सांगितलंत? लिंबाचा भाव."